तापल्या मेणाची चित्रकला
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंचा आग्रह होता, काहीतरी नवीन सांगा. पण मी सांगणार आहे ती कला दोन हजार वर्षांहून जुनी आहे. वितळलेल्या मेणात रंग कालवून, ते गरम आहे तोवर चित्र रंगवायचे. बाटिकमध्ये मेण शेवटी काढून टाकतात. इथे मेण हाच रंग.

१८८८ साली फ्लिंडर्स पेट्री यांना ईजिप्तमध्ये हवारा येथे असे चेहरे सापडले. लाकडी फळीवर चेहरा रंगवून ती मृताच्या गुंडाळलेल्या देहावर, तोंडाच्या जागी बसवीत. सतराअठराशे वर्षे लोटली, तरी त्यांतले डोळे आपल्याकडे पाहतात. रोमन ग्रंथकार प्लिनीने तर इयाया नावाच्या चित्रकर्तीची नोंद केली आहे. ती रोममध्ये बहुधा स्त्रियांचीच चित्रे काढी, आणि नामांकित पुरुष चित्रकारांहून तिला मोबदला अधिक मिळे!

आता कृती. मधमाशांचे शुद्ध मेण सुमारे ६३ अंशांना वितळते. पातेल्यातल्या गरम पाण्यात वाटी ठेवून ते वितळवावे आणि त्यात रंगाची पूड घालावी. शेंदूर मात्र घालू नका, त्यात शिसे असते. खिडक्या उघड्या ठेवाव्या. मेण पेटलेच तर पाणी न ओतता झाकण घालावे. कोऱ्या लाकडी फळीवर भराभर हात चालवावा, आणि प्रत्येक थराला वरून पुन्हा आच दाखवावी, म्हणजे तो खालच्या थराशी एकजीव होतो.

हे शेवटचे मी अनुभवाने शिकले. माझ्या आईचा एकच फोटो घरात होता, लग्नाच्या घोळक्यातला, अंगठ्याएवढा. त्यावरून तिचा चेहरा मेणात काढला. वर्षश्राद्धाआधी पुरा व्हावा म्हणून घाई केली, दोन थरांना आच दाखवलीच नाही. पुढे फळी हातून निसटली आणि गालावरचा रंग खपलीसारखा निघून आला. मला रडू आवरेना. मग तेच तुकडे वितळवून पुन्हा लावले, या वेळी प्रत्येक थर नीट मुरवला. गाल पहिल्याइतका गुळगुळीत झाला नाही. पण धाकटी बहीण बघून म्हणाली, "ताई, आता आई वाटते गं."

ती फळी मागच्या टेबलावर ठेवली आहे. अवश्य पाहा, फक्त उन्हात नेऊ नका.