नाकाचा पडदा : काढावा किती, राखावा किती



‘नाकाचे हाड वाढले आहे’ असे सांगत रुग्ण येतात. वस्तुतः हाड वाढलेले नसते. दोन नाकपुड्यांमधील पडदा, जो पुढे कूर्चेचा व मागे हाडाचा असतो, तो एका बाजूस कललेला असतो. थोडाफार कल पुष्कळांच्या नाकात असतो व त्याने काही बिघडत नाही. श्वास अडू लागला आणि औषधांनी भागेना, तरच शस्त्रक्रियेचा विचार करावयाचा.

शिकागोचे फ्रीअर (१९०२) आणि जर्मनीतील किलियन (१९०४) यांनी ‘सबम्यूकस रिसेक्शन’ची पद्धत रूढ केली. पडद्यावरील श्लेष्मल त्वचा दोन्ही बाजूंनी सोडवून आतील कूर्चा व हाड काढून टाकावयाचे. मात्र वरच्या व पुढच्या कडेला सुमारे एक सेंटिमीटरची पट्टी राखावयाची, कारण नाक तिच्यावरच तोलून उभे असते. ही पट्टी कमी पडली तर नाक खोगिरासारखे खचते. दोन्ही बाजूंची त्वचा समोरासमोर फाटली तर पडद्याला भोक पडते. मग खपल्या धरतात, रक्त येते, श्वासागणिक शीळ वाजते. शिवाय राखलेली पट्टीच वाकडी असेल तर या पद्धतीत तिला उपाय नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यास शिकागोच्याच कॉटल यांनी वेगळी दिशा दाखविली. उंबऱ्याला घासणारे दार सुतार फेकून देत नाही, खालची कड रंध्याने तासतो. ‘सेप्टोप्लास्टी’चे तत्त्व हेच. कूर्चा शक्यतो एका बाजूच्या त्वचेला चिकटलेली ठेवून तिचे पोषण राखावयाचे, अडणारा तेवढाच भाग काढावयाचा व उरलेला पडदा मध्यावर आणून बसवावयाचा. कूर्चेला आपला जुना बाक आठवतो, म्हणून क्वचित ती पुन्हा वळते. तरीही, विशेषतः वाढत्या वयात शस्त्रक्रिया टाळताच येत नसेल तर, मी हीच पद्धत पत्करतो.

१९९१ पासून दुर्बिणीतून सेप्टोप्लास्टी होऊ लागली. मागे खोलवर एखादाच काटा असेल तर ती उत्तम. पुढची कड वाकडी असेल तर तिचा फारसा उपयोग नाही.

रुग्णाला धास्ती असते ती बोळ्यांची. ती परंपरा जुनी आहे. टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी या मराठी बैल हाकणाऱ्याचे नाक पुण्याजवळ कपाळाच्या त्वचेतून पुन्हा घडविले गेले. त्याचे जे वर्णन १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’मध्ये छापले गेले, त्यातही नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून मऊ कापड घातल्याचा उल्लेख आहे. आता त्वचेचे दोन्ही पदर टाक्यांनी जोडले की बोळे बहुधा लागत नाहीत.

ब्रिटनमधील ३७८ प्रौढांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. नाकात मारावयाच्या औषधी फवाऱ्यांपेक्षा सेप्टोप्लास्टीने सहा महिन्यांनी अधिक आराम पडल्याचे त्यात दिसले. पण तो आराम नाक चोंदणाऱ्यांचा. आपल्या भोपाळात ‘दम लागतो’ या शब्दांना डिसेंबर १९८४ पासून निराळा अर्थ आहे. वायूने जखमी झालेल्या फुप्फुसांचा दम पडदा सरळ करून जात नाही. म्हणून असा रुग्ण आला, त्याचा पडदा डोळ्यांना कितीही वाकडा दिसला, तरी मी आधी त्याची छाती तपासून घेतो. शस्त्रक्रियेची तारीख त्यानंतर.