तापमापकाची परीक्षा



आजचा विषय ऐकून, हा इंजिनिअर मंडळींचा खेळ येथे कशाला, असे कोणास वाटले असेल. खेळ तो खराच. पण त्यातून आम्ही जे शिकलो ते सर्वांच्या उपयोगाचे आहे.

इटलीतील इव्रिया या गावी २००५ साली काही अध्यापकांनी विद्यार्थ्यांसाठी आर्डुइनो नावाचा लहानसा बोर्ड तयार केला. त्यावरील मायक्रोकंट्रोलर सांगितलेले हुकूम बिनचूक पाळतो. या बोर्डाला आम्ही डीएस१८बी२० नावाचा सेन्सर जोडला. वाटाण्याएवढा जीव, तीन पाय आणि काम तापमान सांगण्याचे!

पहिलाच आकडा आला ८५ अंश! आम्ही चपापलो. पुढे कळले, की वीज सुरू होताच त्याच्या पोटात ८५ हाच आकडा असतो, आणि बारीक मोजमाप पुरे होण्यास सुमारे पाऊण सेकंद लागतो. आम्ही त्याआधीच विचारले होते. चूक त्याची नव्हती. उतावळेपणा आमचा होता.

मग आला २७.३१२५. दशांशचिन्हापुढे चार आकडे पाहून आम्ही हरखून गेलो. परंतु कारखान्याचे पत्रक पाहावे, तर सेन्सर ०.०६२५ अंशाची पायरी दाखवितो, आणि खरेपणाची हमी मात्र अर्ध्या अंशाच्या आतबाहेर! सेकंदकाटा असलेले घड्याळ दहा मिनिटे मागे असेल, तर सेकंद मोजून गाडी मिळत नाही. बारकावा निराळा, खरेपणा निराळा.

तेव्हा परीक्षा घ्यावयाची ठरले. स्वच्छ पाण्याचा बर्फ कुटून भांड्यात भरला, फटी भरतील इतकेच गार पाणी घातले, ढवळले आणि पाणी शिरू नये अशा नळीतला सेन्सर तळाला न टेकविता मध्यभागी धरला. तेथे शून्य यावयास हवे; आले ०.३१२५. हमीच्या आतच, पण शून्य नव्हे. तेवढी नोंद वहीत केली.

दुसरी परीक्षा उकळत्या पाण्याची घ्यावी, असे कोणी सुचवील. येथे सावध राहावे. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असलेल्या पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. ही उकळी हवेच्या दाबावर अवलंबून असते, हे १७४२ साली आपली मोजपट्टी मांडणाऱ्या सेल्सियसलाही ठाऊक होते. शंभराच्या हट्टापायी सेन्सर 'सुधारला' असता, तर खरे बोलणाऱ्याला आम्हीच खोटे बोलावयास शिकविले असते. शिवाय ८५ च्या वर कारखान्याची हमीही सैल होते.

हा खटाटोप कशासाठी? लसी साधारणपणे २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. धनुर्वाताची लस गोठली तर निकामी होते. न तपासलेला सेन्सर दोन अंशांनी जास्त सांगत असेल, तर पडद्यावर २ दिसत असता आत शून्य असेल. पडद्याकडे पाहणारा निर्धास्त राहील आणि टोचून घेणाऱ्या मुलाला काहीच कळणार नाही.

म्हणून आमचे एवढेच सांगणे आहे : आकडा दिसला की त्याला विचारावे, "बाबा रे, तुझी परीक्षा कोणी आणि कशाने घेतली?" उत्तर मिळाले, तरच त्याच्यावर विसंबावे.