टिंबक्टूच्या दर्ग्यांचा न्याय
(महोत्सवाच्या सभेंतील भाषण)



युद्धांत देवळें पडावयाचींच, ग्रंथ जळावयाचेच, असें आपण ऐकत आलों आहों. परंतु हा अपराध आहे व त्यासाठीं माणसास तुरुंगांत जावें लागतें, हें एका खटल्यानें दाखविलें. त्याची हकीकत आज आपणांपुढें ठेवितों.

आफ्रिकेंतील माली देशांत, सहारा वाळवंटाच्या कडेला टिंबक्टू हें जुनें विद्यानगर आहे. ‘३३३ संतांचें नगर’ म्हणून त्याची ख्याति. तेथील मुसलमान संतांच्या मातीच्या दर्ग्यांची डागडुजी लोक स्वतःच करीत. सन २०१२ मध्यें सशस्त्र टोळ्यांनीं शहर घेतलें आणि दर्ग्यांपाशीं प्रार्थना करणें अधर्म ठरवून जून-जुलै महिन्यांत नऊ दर्गे पाडले. सीदी याह्या मशिदीचा जुना दरवाजाहि फोडला. या कामावर अहमद अल-फकी अल-महदी हा धर्मशास्त्र जाणणारा मनुष्य होता. पाडूं नये, लोक दुखावतील, असा सल्ला प्रथम त्यानेंच दिला होता! हुकूम येतांच मात्र शुक्रवारचें प्रवचनहि त्यानेंच लिहिलें.

हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयांत त्यानें गुन्हा कबूल केला. २७ सप्टेंबर २०१६ रोजीं त्यास नऊ वर्षांची शिक्षा झाली. केवळ वास्तूंच्या नाशाबद्दल त्या न्यायालयांत चाललेला हा पहिलाच खटला.

कोणी म्हणतील, त्याच शहरांत माणसांस फटके बसत होते, स्त्रियांवर जुलूम होत होते. मग विटामातीचा एवढा कैवार कां? आक्षेप रास्त आहे. मालमत्तेचा अपराध सामान्यतः देहाच्या अपराधाहून हलका, असें न्यायाधीशांनींहि म्हटलें. छळाबद्दल अल-हसन नांवाच्या दुसऱ्या आरोपीस दहा वर्षांची शिक्षा झाली, पण ती २०२४ सालीं. इतका उशीर मला खटकतो.

तथापि विटामातीचा प्रश्न तेवढाच नव्हता. २०१७ सालीं न्यायालयानें २७ लाख युरोंची भरपाई ठरविली, तेव्हां ज्यांचे पूर्वज त्या जागीं पुरले होते त्यांच्या मनोव्यथेचीहि गणना केली. ज्यांचे आजेपणजे आपल्या देवळाच्या आवारांत निजले आहेत, त्यांस याचा अर्थ मीं सांगावयास नको. अल-महदीजवळ पैसा नव्हता. भार पीडितांसाठींच्या निधीवर आला.

दर्गे मात्र निकालाची वाट पाहत राहिले नाहींत. तेथल्याच गवंड्यांनीं उरलेल्या भिंतींचा माग काढीत, वृद्धांस विचारीत, २०१५ सालींच ते पुन्हा उभे केले होते.