जुन्या गोव्यांतील बॉम जेझूचें चर्च



पणजीहून मांडवीच्या कांठानें पूर्वेस सुमारें १० किलोमीटर गेलें म्हणजे जुनें गोवें लागतें. पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील साम्राज्याची ही एके काळची राजधानी. आज तेथें वस्ती थोडी आणि चर्चें पुष्कळ. त्यांपैकीं बाळ येशूला वाहिलेल्या बॉम जेझू नांवाच्या चर्चविषयीं मी आज चार शब्द बोलणार आहें.

तें पाहावयास जाणाऱ्या आपल्या मंडळींपैकीं कित्येकांच्या मनांत एक अढी असते. ती निष्कारण आहे असें मी म्हणणार नाहीं. सोळाव्या शतकांत या प्रांतांतील देवळें पाडलीं गेलीं. १५६० सालीं इन्क्विझिशनचें धर्मन्यायासन येथें स्थापन झालें आणि तें कायमचें उठावयास १८१२ साल उजाडावें लागलें. हा इतिहास कोणीं झांकूं नये. परंतु त्यामुळें या वास्तूंतील कला सर्वस्वीं परकी ठरते काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

प्रथम दर्शनी भिंत पाहावी. १५९४ सालीं पाया घातलेली आणि १६०५ सालीं उपासनेस अर्पण झालेली ही इमारत कोंकणच्या जांभ्या दगडाची आहे. दर्शनी भागावरील कोरीव कामाचा काळा दगड वसईकडून आणलेला. आंत शिरल्यावर प्रथम साधेपणाच डोळ्यांत भरतो, आणि मग दृष्टि समोरच्या सुवर्णमंडित वेदीवर स्थिरावते. तेथें बाळ येशूची लहान मूर्ति असून तिच्यावर जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नेशियस याची भव्य प्रतिमा आहे. त्याची नजर वर कोरलेल्या येशूच्या नामाक्षरांकडे लागलेली आहे. मूर्ति मोठी कोणाची आणि महत्त्व कोणाचें, हें शिल्पकारानें त्या एका नजरेनेंच सांगितलें आहे.

उजव्या बाजूच्या दालनांत संत फ्रान्सिस झेवियर याची समाधि आहे. हा १५४२ सालीं गोव्यास आला आणि १५५२ सालीं चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर निवर्तला. त्याच्या समाधीचा संगमरवरी चौथरा टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा यानें अर्पण केला. फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी यानें तो घडविला आणि १६९८ सालीं तो येथें उभा राहिला. त्याच्या चारी बाजूंस संताच्या चरित्रांतील प्रसंगांचे ब्राँझचे पट आहेत. या चौथऱ्याच्या माथ्यावर जी रुप्याची पेटिका आहे, ती मात्र १६३६-३७ मध्यें गोव्याच्याच सोनारांनीं घडविली. तिच्यावर संताच्या चरित्रांतील ३२ प्रसंग ठोकून उठविले आहेत. खालीं फ्लॉरेन्सचा हात, वर गोव्याचा हात. फोज्जिनीचें नांव प्रवाशांस आवर्जून सांगितलें जातें. सोनारांची ओळख मात्र 'गोव्याचे कारागीर' एवढ्यावरच आटोपते.

हीच गोष्ट वाङ्मयांतही घडलेली आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री १५७९ सालीं गोव्यास आला. ख्रिस्ताची कथा सांगण्यासाठीं त्यानें मराठी भाषा आणि ओवी यांचा आश्रय केला. त्याचें 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं राशोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. परक्या पाद्र्यानें आपली ओवी घेतली आणि वीस वर्षांनीं आपल्या सोनारांनीं परक्या संताची कथा रुप्यावर लिहिली. मेंढपाळाच्या वेषांतील बाळ येशूच्या हस्तिदंती मूर्ति हाही गोव्याच्या कारागिरांचा खास विषय होता. ज्यांस अशी कारागिरी जवळून पाहावयाची असेल त्यांनीं नजीकच्या सांता मोनिका मठांतील ख्रिस्ती कला संग्रहालय चुकवूं नये.

आतां एक चिंतेची गोष्ट. या चर्चच्या भिंतींवर पूर्वीं चुन्याचा गिलावा होता. पोर्तुगीज अमलाच्या अखेरच्या दशकांत तो काढून टाकण्यांत आला. तेव्हांपासून उघडा जांभा दर पावसाळ्यांत भिजतो आणि झिजतो. जांभ्याचें घर बांधणाऱ्या कोंकणी माणसास याचें कारण सांगावयास नको. गिलावा पुन्हा चढवावा असें अनेकांनीं सुचविलें आहे. परंतु तांबड्या भिंतींची लोकांच्या डोळ्यांस आतां इतकी संवय झाली आहे कीं, तेंच तिचें मूळ रूप असें पुष्कळांस वाटतें. १९८६ सालीं जुन्या गोव्यांतील चर्चें व मठ जागतिक वारशांत गणले गेले. तो मान थोर खराच, पण मानानें पाऊस अडत नाहीं.

सोनारांनीं रुप्यावर हातोडी चालविली ती आपल्या विद्येच्या अभिमानानें. तो अभिमान आपला आहे, आणि म्हणून तिच्यावरील छप्पर व भिंत यांची काळजीही आपली आहे. आपण जाल तेव्हां ती पूजेची जागा आहे हें ध्यानांत ठेवून शांतपणें आंत जावें, आणि त्या उंचावरील पेटिकेकडे घटकाभर मान वर करून पाहावें. ज्यांचीं नांवें कोणी सांगत नाहीं, त्यांस आपला तेवढा नमस्कार पुरे आहे.