आधी सांगितले, मग मोजले

डभोईकरांना रुळांच्या रुंदीचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. १८६२ साली, खंडेराव गायकवाडांच्या कारकिर्दीत, डभोई-मियागाम मार्गावर अडीच फूट रुंदीचे रूळ पडले आणि त्यांवरून पहिल्या गाड्या ओढल्या त्या बैलांनी. बैल गेले, वाफेची इंजिने आली, यथाकाल तीही गेली. रुंदी मात्र राहिली. पुढे डभोईला चहूबाजूंनी फाटे येऊन मिळाले तेही त्याच मापाचे. डभोईहून चांदोदकडे जाणारा रुळमार्ग रुंद होऊन त्याचे उद्घाटन व्हायला २०२१ साल उजाडावे लागले. एकदा ठरलेले माप किती पिढ्यांची पाठ सोडत नाही, याचे याहून जवळचे उदाहरण येथल्या वाचकाला शोधूनही सापडणार नाही.

कोऱ्या अर्जाचेही तसेच आहे. संशोधक मंडळी एकत्र बसून एखादा नमुना-अर्ज ठरवितात, तेव्हा पुढच्या शेकडो अभ्यासांचे रूळ ते टाकीत असतात. येथे विचार करावयाचा आहे तो अशाच एका अर्जाचा, अभ्यासाच्या पूर्वनोंदणीच्या अर्जाचा. प्रश्न कोणता, किती जणांकडून काय मोजणार, हिशेब कोणत्या रीतीने करणार आणि काय आढळले म्हणजे आपले म्हणणे फसले असे मानणार, हे सारे कामास हात घालण्यापूर्वी लिहून तारखेनिशी तिऱ्हाइताकडे ठेवावयाचे, याचे नाव पूर्वनोंदणी.

याची गरज संशोधक लबाड असतात म्हणून नाही. प्रामाणिक माणसाचे मनही आपल्या बाजूचे तेवढे वेचते. लग्न लागून गेल्यावर पत्रिका जुळवावयास बसले तर छत्तीस गुण जुळण्यास कितीसा वेळ लागणार? अमेरिकेत हृदयरोगावरील मोठ्या, सरकारी अनुदानाच्या औषधचाचण्या तपासून २०१५ मध्ये एक लेख प्रसिद्ध झाला. २००० पूर्वीच्या ३० चाचण्यांपैकी १७ चाचण्यांत उपचाराचा स्पष्ट लाभ दिसला होता. चाचणीची आधी नोंद करण्याचा प्रघात पडल्यानंतरच्या २५ पैकी अवघ्या २ मध्ये. नोंदणी हे या घसरणीचे एकमेव कारण असेल असे नाही, पण आकडे अस्वस्थ करणारे खरेच.

मराठी मुलखात या शिस्तीचे सर्वांत बोलके उदाहरण पुण्याचे आहे. डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ साली फलज्योतिषाची जाहीर चाचणी घेतली. पत्रिकेवरून मूल बुद्धिमान की मतिमंद हे सांगता येते, हा दावा ज्योतिषांचाच. तोच कसोटीस लावला. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळांवरून २०० पत्रिका मांडल्या, त्यांची सरमिसळ केली आणि प्रत्येक ज्योतिषाकडे ४० पत्रिका धाडल्या. चाचणीची रीत आधी जाहीर झाली, उत्तरे नंतर आली. पूर्वनोंदणीचा प्राण तो हाच. ५१ जणांनी पत्रिका मागविल्या, २७ जणांनी उत्तरे पाठविली. सरासरी निम्म्याच्या खालीच राहिली. सर्वांत अधिक बरोबर उत्तरे होती २४. एका संस्थेने सर्वच २०० पत्रिका पाहिल्या, तिची १०२ बरोबर आली. निष्कर्ष २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आला.

यातील २४ हा आकडा घटकाभर पाहावा. चाळीसपैकी चोवीस म्हणजे साठ टक्के! शाळेत पहिला वर्गच की. पण नाणे उडवून उत्तरे दिली तरी साधारण सात-आठ जणांत एकाला तेवढी किंवा त्याहून अधिक साधतात. सत्तावीस जणांत तसे तीन-चार निघावेत. कसोटी आधी ठरलेली नसती तर या एकट्या गृहस्थांची मिरवणूक निघाली असती. म्हणून अर्जात रकाना हवा: यश एकेकाचे मोजणार की सर्वांचे मिळून? आणि किती आकड्याला यश म्हणणार? ‘योग्य ती संख्याशास्त्रीय पद्धत वापरण्यात येईल’ असले गुळमुळीत वाक्य ज्या रकान्यात सुखाने मावते, तो रकाना चुकीचा आखला आहे.

दुसरा धडा त्या २४ जणांचा, ज्यांनी पत्रिका मागविल्या पण उत्तर पाठविले नाही. त्यांना हरलेले मानावयाचे, की नव्हतेच असे समजावयाचे? ‘सांगता येत नाही’ असे कोणी लिहिले तर ते चूक धरावयाचे काय? निकाल पाहिल्यावर जो तो आपल्या सोयीचे उत्तर देतो. नमुना तयार करणाऱ्याने हे प्रश्न आधी विचारावयाचे असतात, त्याची खरी कारागिरी तेथे.

आपल्या देशात औषधचाचण्यांची नोंदवही २० जुलै २००७ रोजी उघडली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संख्याशास्त्र संस्थेकडे ती आहे, आणि आयुर्वेद, योग, होमिओपॅथीच्या चाचण्याही तीत नोंदल्या जातात. १५ जून २००९ पासून औषध महानियंत्रकांनी नोंद सक्तीची केली. तरीही चालू किंवा पुऱ्या झालेल्या चाचण्या कितीतरी दिवस मागाहून नोंदता येत; वरातीमागून घोडे. १ एप्रिल २०१८ पासून ती वाट बंद झाली.

पण डॉक्टरांचा अर्ज सर्वांच्या अंगी बसत नाही. समजा, एखाद्या ग्रंथालयाच्या वाचक-मंडळाने जुन्या देवघेव-वह्यांचा अभ्यास योजिला: पावसाळ्यात कादंबऱ्या अधिक वाचल्या जातात, हे खरे काय? येथे माणसे निवडावयाची नाहीत, औषध द्यावयाचे नाही; वह्या तर पन्नास वर्षांपूर्वीच लिहून झाल्या. मग अर्जाने काय विचारावे? पावसाळा जूनपासून की आषाढापासून? अनुवादित कादंबरी कादंबरीत धरणार काय? तीन खंडांचे पुस्तक एक की तीन? मुदत वाढवून घेतलेले पुस्तक पुन्हा मोजणार काय? वाळवीने खाल्लेल्या पानांचे काय करणार? आणि सर्वांत आधी: या वह्या तुम्ही पाहिल्या आहेत काय? या प्रश्नाला ‘होय’ आणि ‘नाही’ एवढ्या दोनच चौकटी ठेवल्या तर देवघेवीच्या टेबलाशी वीस वर्षे बसलेला ग्रंथपाल खोटे लिहील, नाहीतर अभ्यासच सोडील. त्याने वह्या हाताळल्या आहेत, मोजलेल्या नाहीत. त्याच्यासाठी तिसरी चौकट हवी.

बेत बदलण्याचीही सोय हवी. चौथ्या दिवशी एक वही भिजलेली निघाली तर अभ्यास थांबवावयाचा नसतो. बदल, कारण आणि तारीख लिहावयाची असते. या जागेला ‘चुकांची कबुली’ असे नाव देऊ नये, मग तेथे कोणी काही लिहीत नाही. ‘बदल’ पुरे.

अर्जाची लांबी हा नेहमीचा वादाचा मुद्दा. चाळीस रकाने ठेवले की निम्मे ‘लागू नाही’ने भरतात, चारच ठेवले की पळवाटा उघड्या राहतात. यावर बैठका घेण्यापेक्षा एक साधी परीक्षा बरी. एका सभासदाने आपल्या अभ्यासाचा अर्ज भरावा. दुसऱ्याने, त्याला एकही प्रश्न न विचारता, केवळ त्या कागदावरून एका वहीची मोजणी करून दाखवावी. मोजता मोजता जेथे त्याला उठून ‘अहो, हे कसे धरायचे?’ असे विचारावे लागेल, तेथे अर्जात एक रकाना कमी आहे.