कंपनीच्या खर्चाने लायसन्स: सही करण्याआधी

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



मी कामगार कायद्याची वकिली करतो. अलीकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या घरांतून एक प्रश्न वारंवार येतो. मुलाला परदेशात ट्रक चालवायचा आहे. कंपनी म्हणते, शिकवण्याचा खर्च आमचा, शिकताना पगारही देऊ. मग सही करायला हरकत काय? महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात ज्या व्यवसायांचा विचार झाला, त्यांत ट्रकचालकही आहेत. तेव्हापासून या प्रश्नाला जोर आला आहे.

उत्तरासाठी मी तुम्हाला आधी अमेरिकेत नेणार आहे. कंपनीने पैसे भरून चालक घडवायचे आणि नंतर ते पैसे त्याच्या कामातून वळते करायचे, ही पद्धत तिथे चांगली मुरली आहे. तिचे बरेवाईट परिणाम तिथल्या न्यायालयांच्या कागदपत्रांत कुणालाही वाचता येतात. एक गोष्ट मात्र आत्ताच सांगून ठेवतो. अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रकचालकांना कामाचे व्हिसा देणं थांबवल्याचं जाहीर केलं. तेव्हा ‘अमेरिकेत ट्रकवर लावून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. अमेरिकेचं उदाहरण आपल्याला शिकण्यासाठी हवं आहे.

कंपन्या हा खर्च का करतात, ते आधी समजून घेऊ. १९८० साली, कार्टर अध्यक्ष असताना, मोटर कॅरियर कायदा झाला आणि मालवाहतुकीच्या भाड्यावरचं सरकारी नियंत्रण सैल झालं. स्पर्धा वाढली, भाडी उतरली, लांब पल्ल्याच्या कंपन्यांत कामगार संघटनांचा जोर ओसरला. चालकाला पैसे मैलावर मिळतात. गाडी धावली तर पैसे. गोदामाच्या दारात माल उतरायची वाट बघत चार तास बसलात, तर त्याचे बहुतेक वेळा काहीच नाही किंवा अगदी किरकोळ. शिवाय १९३८ च्या किमान वेतन कायद्यातली ओव्हरटाइमची तरतूद आंतरराज्य ट्रकचालकांना लागू होत नाही. घरापासून आठवडेच्या आठवडे दूर, केबिनमागच्या बिछान्यात झोप आणि वर असा पगार. माणसं टिकत नाहीत. मोठ्या ट्रकलोड, म्हणजे ट्रकभर माल नेणाऱ्या, कंपन्यांत चालक सोडून जाण्याचं वार्षिक प्रमाण कित्येक वर्षं ९० टक्क्यांच्या आसपास राहिलं आहे. स्टीव्ह विसेली नावाच्या समाजशास्त्रज्ञाने स्वतः असं प्रशिक्षण घेतलं, लांब पल्ल्याचा ट्रक चालवला आणि २०१६ मध्ये ‘द बिग रिग’ हे पुस्तक लिहिलं. ज्यांना या विषयात खोल जायचं आहे, त्यांनी ते जरूर वाचावं.

चालकांचा तुटवडा आहे, अशी तिथली मालकांची संघटना सतत सांगते. माझं मत वेगळं आहे. येणारे पुष्कळ आहेत, टिकणारे थोडे आहेत. आणि जिथे माणसं टिकत नाहीत, तिथे नवी माणसं सतत आणावी लागतात. मोफत प्रशिक्षणाची जाहिरात वाचताना हे डोक्यात ठेवा.

आता शिक्षण काय असतं ते पाहू. जोड ट्रकचं, म्हणजे ट्रॅक्टर आणि त्यामागे त्रेपन्न फुटी ट्रेलर अशा गाडीचं लायसन्स तिथे ‘क्लास ए’ असतं. भरलेल्या गाडीचं वजन ८०,००० पौंडांपर्यंत जातं, म्हणजे जवळजवळ ३६ टन. आधी शिकाऊ परवाना. तो हातात आल्यावर किमान १४ दिवसांनीच प्रत्यक्ष परीक्षा देता येते. परीक्षेचे तीन भाग: गाडीची तपासणी, मैदानात रिव्हर्स घेणं, आणि रस्ता.

तपासणीतला एअर ब्रेकचा भाग सांगण्यासारखा आहे. चाकांना ठोकळे लावलेले, इंजिन बंद, चावी चालू. विद्यार्थी पार्किंग ब्रेक सोडतो, ब्रेकचं पेडल तळापर्यंत दाबतो आणि एक मिनिट तसंच धरून ठेवतो. डोळे प्रेशरच्या काट्यावर. जोड गाडीत त्या मिनिटात ४ पीएसआयपेक्षा जास्त हवा गेली, तर गाडी नापास. मग तो पेडल पुन्हा पुन्हा दाबून हवा खाली आणतो. काटा साठच्या आसपास आला की धोक्याचा बझर वाजायलाच हवा. आणखी दाबत राहिलं की २० ते ४५ च्या दरम्यान डॅशबोर्डवरची पिवळी आणि लाल अशी दोन्ही बटणं आपोआप फटकन बाहेर येतात आणि स्प्रिंगचे ब्रेक चाकं धरतात. विद्यार्थ्याने यातली प्रत्येक पायरी तोंडाने बोलून दाखवायची असते. पाठांतराने हे साधतं. पण कोलोरॅडोच्या डोंगरउतारावर याच हवेच्या जोरावर ३६ टन थांबवायचे आहेत, ही समज यायला शेजारी अनुभवी माणूस बसलेला लागतो.

आणि तिथेच खरी मेख आहे. ७ फेब्रुवारी २०२२ पासून अमेरिकेत नव्या चालकांना नोंदणीकृत संस्थेतूनच प्रशिक्षण घ्यावं लागतं. मात्र प्रत्यक्ष चालवण्याचे किमान तास त्या नियमात नाहीत. मूळ मसुद्यात जोड ट्रकसाठी ३० तासांची अट होती, ती अंतिम नियमातून वगळली गेली. विद्यार्थी तयार झाला की नाही, हे प्रशिक्षकाने ठरवायचं. त्यामुळे तीनचार आठवड्यांत लायसन्स हातात येतं आणि खरं शिक्षण पुढच्या टप्प्यावर ढकललं जातं: कंपनीच्या अनुभवी चालकाबरोबर काही आठवडे गाडीत राहणं. शिकाऊ परवाना असेपर्यंत लायसन्सवाला माणूस पुढच्या सीटवर बसलेला असावा, असा नियम आहे. लायसन्स मिळालं की हे बंधन सुटतं. मग काही कंपन्या ती गाडी दोघांची टीम म्हणून पळवतात. रात्री दोनला नवशिका स्टिअरिंगवर आणि शिकवणारा मागे झोपलेला. कायद्याने एका चालकाला एका पाळीत ११ तासच गाडी चालवता येते. दोघं असले की गाडी जवळपास थांबतच नाही. त्यात कंपनीचा फायदा होतो, पण मुलगा काय शिकतो?

आपल्याकडे क्लीनर उस्तादाच्या हाताखाली शिकतो. त्या पद्धतीत पिळवणूक भरपूर आहे, तिचं गुणगान मला करायचं नाही. पण उस्ताद जागा असतो, एवढं खरं.

शिकताना पगार मिळतो, म्हणजे नेमकं काय मिळतं? इथे एक खटला समजून घ्यायलाच हवा. मिसुरी राज्यातली न्यू प्राइम ही मोठी ट्रक कंपनी आणि डॉमिनिक ऑलिव्हेरा हा तिचा चालक. कंपनीत एक वर्ष काढलं तर शिक्षणाची फी नाही, अशी योजना होती. त्याच्या तक्रारीनुसार शिकाऊ म्हणून प्रशिक्षकाबरोबर १०,००० मैल गाडी चालवायची होती आणि त्या काळात पगार नव्हता. जेवणखाणासाठी आठवड्याला २०० डॉलर उचल मिळे, आणि तीही पुढच्या पगारातून आठवड्याला २५ डॉलरप्रमाणे कापून घेतली जाई. दहा हजार मैल म्हणजे सोळा हजार किलोमीटर. मुंबई-दिल्लीच्या अकरा खेपा! त्यानंतर आणखी ३०,००० मैल अल्प दराने. ते संपल्यावर ‘कामगार नको, स्वतंत्र कंत्राटदार हो’ असं सुचवून त्याला कंपनीशीच संबंधित दुसऱ्या संस्थेकडून ट्रक भाड्याने घ्यायला लावलं. ट्रकचं भाडं, डिझेल, विमा हे सगळं कापल्यावर काही आठवड्यांत त्याच्या हिशेबात उणे रक्कम यायची. पुढे तो त्याच कंपनीत पगारी चालक म्हणून परतला तेव्हा काम जवळपास तेच होतं. बदलला होता तो फक्त कागद.

कंपनीचं म्हणणं होतं की, करारात लवादाचं कलम आहे, न्यायालयात यायचंच नाही. १५ जानेवारी २०१९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी सांगितलं, वाहतूक कामगारांना लवाद कायद्यातून जी सूट आहे, ती कंत्राटदार म्हणवणाऱ्या चालकालाही लागू होते. पुढे कंपनीने हजारो चालकांच्या दाव्यात २ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड केली. ट्रक भाड्याने देऊन चालकाच्याच गळ्यात टाकण्याच्या या योजनांचा अभ्यास करायला अमेरिकी संसदेच्या आदेशाने एक समिती नेमली गेली होती. अशा योजनांवर बंदीच घालावी, अशी तिने जानेवारी २०२५ मध्ये शिफारस केली. नवा माणूस आणि ट्रकचा हप्ता एकत्र आले, की तिथून उठून यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणजे सगळ्याच कंपन्या वाईट का? अजिबात नाही. माझ्या अनुभवात चांगली कंपनी पहिल्याच भेटीत ओळखू येते, कारण ती आकडे लिहून देते. तेव्हा बोनस किती, हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी विचारा, मी सहा महिन्यांत सोडून गेलो तर किती रुपये, किती डॉलर, किती युरो द्यायचे? काही करारांत दर महिन्याच्या कामाबरोबर कर्ज थोडं थोडं कमी होतं. काहींत अकरा महिने काम केलं तरी पूर्ण रक्कम उभी राहते. दोन्हींच्या जाहिरातीत ‘मोफत’ हाच शब्द असतो. कंपनीने काढून टाकलं तरी फेडायचं का, हेही विचारा. मी अनेकांना विचारलं आहे, आणि हा प्रश्न मुलांच्या मनातसुद्धा आलेला नसतो. शिकवणाऱ्याबरोबर किती दिवस, त्यातले किती तास तो माझ्या शेजारी जागा असेल, एका प्रशिक्षकाशी पटलं नाही तर दुसरा मिळेल का? मुलींच्या बाबतीत हा शेवटचा प्रश्न अधिकच महत्त्वाचा, कारण केबिनमागे दोघांना झोपायला कप्पा एकच असतो. बाई प्रशिक्षक मिळेल का, हे लेखी घ्या.

भरती करणाऱ्याच्या शब्दावर विसंबू नका. अमेरिकेत प्रत्येक ट्रकच्या दारावर कंपनीचा डीओटी, म्हणजे परिवहन खात्याचा, क्रमांक लिहिलेला असतो. त्या क्रमांकावरून सरकारच्या नोंदीत कंपनीचे अपघात, आणि तपासणीत रस्त्यावरून काढून ठेवलेल्या गाड्यांचं प्रमाण कुणालाही बघता येतं. दुसरा मार्गही बघा. तिथे सुट्या मालाची वाहतूक करणाऱ्या काही कंपन्या, उदाहरणार्थ ओल्ड डोमिनियन, गोदामात माल चढवणाऱ्या आपल्याच कामगारांना चालक करतात. अशा कामात बरेच चालक रात्री घरी पोचतात. ही वाट जाहिरातीत कमी झळकते. आमच्या घरातलं मूल असतं, तर मी त्याला हीच दाखवली असती.

आता शिक्षण कच्चं राहिलं तर काय होतं, ते. ६ एप्रिल २०१८. कॅनडातल्या सॅस्कॅचेवान प्रांतात महामार्ग ३५ आणि ३३५ यांचा चौक. हम्बोल्ट ब्राँकोज या ज्युनियर हॉकी संघाची बस आणि पीट मॉसने भरलेले दोन ट्रेलर ओढणारा ट्रक यांची धडक झाली. १६ जण गेले, १३ जखमी झाले. चालक भारतातून गेलेला तरुण होता आणि एकट्याने ट्रक चालवायला लागून त्याला जेमतेम काही आठवडे झाले होते. ट्रेलरवरची ताडपत्री फडफडत होती, आरशात तिच्याकडे बघता बघता थांबण्याची पाटी निसटली. त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. ताडपत्री नीट बसली नसेल तर आधी गाडी बाजूला घ्यायची, हे आपल्या महामार्गावरचा कुठलाही जुना चालक सांगेल. त्या मुलाला ते कुणी सांगितलं होतं की नाही, हा प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो. मार्च २०१९ पासून त्या प्रांतात मोठ्या ट्रकच्या लायसन्सला किमान १२१.५ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. सोळा माणसं गेल्यावर.

जर्मनीत किमान तास आधीपासून ठरलेले आहेत. व्यावसायिक चालकाला लायसन्सखेरीज वेगळी पात्रता लागते. तिच्या जलद मार्गातही १४० तासांचं शिक्षण आहे आणि दर पाच वर्षांनी ३५ तासांची उजळणी. तिथे जाणाऱ्यांना अडचण येईल ती भाषेची आणि कराराची. जर्मन शिकण्याचा खर्च, विमान, राहण्याची जागा, लायसन्स यांपैकी काय कंपनी देते आणि काय तुमच्या नावावर कर्ज म्हणून लिहिते, हे करारातच कळतं. करार जर्मनमध्ये असेल तर मराठी भाषांतर मागून घ्या. ते द्यायला जो नकार देतो, त्याच्याकडे मुलाला पाठवू नका.

अशा करारावर सही करायची घाई कुणालाही नसते, असेल तर ती समोरच्याला असते. ज्यांच्या घरी असा कागद आला आहे, त्यांनी तो उद्या संध्याकाळी याच सभागृहाच्या कार्यालयात घेऊन यावा. मी सहा वाजल्यापासून तिथे बसेन आणि प्रत्येक करार ओळीओळीने वाचून देईन. त्याची फी नाही.