ग्राइंडरआधी आरसी

माझ्याकडे दोन जुन्या बुलेट आहेत. पहिलीचं चेसिस मी हौसेनं कापलं, मागून लांब केलं, रुंद टायर बसवला. दिसायला झकास, एका किकमध्ये सुरू होते. पण फाटकाबाहेर नेता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेत असा बदल करू देत नाही. चूक माझीच. आधी काम केलं, कायदा मागून वाचला.

दुसरी 1968 ची. आधी रंग हातानं खरवडला. चेसिस आणि इंजिनचे नंबर आरसीशी जुळले, तेव्हाच पाना उचलला.

2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या आणि मूळ चेसिस-इंजिन शाबूत असलेल्या खासगी गाडीला विंटेज नोंदणी मिळते. आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. नव्या नोंदणीला ‘व्हीए’ मालिका, फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. मात्र रोज फिरवायची नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यापुरतीच.

परवा दुसरी रॅलीला नेली. पहिली गॅरेजमध्येच राहिली. तुमच्याकडे आजोबांची गाडी असेल, तर आज फक्त कपाटातली आरसी शोधा. जय हिंद.